श्रेणी तीन

वारसा समितीचे दोघे आले तेव्हा
पाचपावलीत लाईट गेली होती
आणि बंद कूलरमधला वाळा
उरलंसुरलं पाणी ठिबकवत होता.

त्यांनी खांब मोजले. चार. सागवानी.
चौकट बुटकी आहे, हे कपाळाने मोजलं.
"साल कोणतं?"
साल कोणाला ठाऊक!
हे घर एका दमात झालंच नाही.
पुढची खोली एका लग्नसराईत उठली,
परसाची भिंत दुसऱ्या,
मधे सूत महागलं
तेव्हा बारा वर्षं मागच्या दाराला गोणपाट होतं.
साहेबांनी ऐकून घेतलं.
फॉर्मवर सालासाठी चारच चौकोन होते.

मधल्या खोलीतली फळी धनूने उचलली.
लेझरचा लाल ठिपका तळाला जाऊन बसला :
दोन फूट पाच इंच.
"हे काय, पाण्याचं टाकं?"
"नाही साहेब," मी म्हटलं,
"इथं बाबांचे पाय होते."

सकाळी साडेसहाला ते खड्ड्यात पाय सोडून बसत
आणि माग सुरू होई.
खालून पावड्या, वरून धोटा,
आणि मधे आमचे पाढे.
एकोणीसच्या पाढ्याला मी अडले की धोटाही अडायचा,
मालक विचारायचा, मोतीराम, लुगडं कुठवर आलं?
बाबा म्हणायचे, एकोणीस सक.

सातव्या वर्षापर्यंत मला वाटायचं
बाप कमरेपासून सुरू होतो.
त्यांचे पाय मी नीट पाहिले
ते शेवटची आंघोळ घालताना :
बारीक, गोरे,
ऊन न लागलेल्या कोंबासारखे.

माग विकला गेला. लाकडाच्या भावाने.
तूर बोकड्यांच्या गोठ्यात खुंटा झाला,
फणी कुठे गेली कळलं नाही.
खड्डा राहिला.
खड्डा कोण विकत घेणार?
त्यात आम्ही कांदे ठेवले, संत्री ठेवली,
एका मे महिन्यात मी स्वतःला ठेवलं
आणि पाय गार करत
खात्याची परीक्षा पास झाले.

धनू साहेबांच्या मागे मागे फिरत होता.
"पाटी लावू नका जी.
पाटी लागली की स्लॅब गेला.
पोरगी नर्सिंगला आहे, रातपाळी करून येते,
दिवसा निजायला तिला कोपरा नाही.
वारसा काय पांघरून निजू देऊ तिले?"
तो खोटं बोलत नव्हता.
मी फळीच्या कडेवरची धूळ
बोटाने पुसत राहिले.

दीड महिन्याने कागद आला.
श्रेणी तीन. संरक्षण फक्त दर्शनी भागाला.
आत काय हवं ते करा.
धनू हसला, "म्हणजे बाहेरून आजोबा, अंदरून स्लॅब!"
मीही हसले. मग स्वयंपाकघरात जाऊन
उगाच डबे पुसले.
रस्त्याला दिसतं तेवढंच जुनं, म्हणजे.
आणि खड्डा तर
घरातही फळी उचलल्याशिवाय दिसत नाही.

सोमवारी भरण यायचं ठरलं,
कुठल्याशा पाडलेल्या दुकानाचा मलबा,
ट्रॅक्टरभर.

रुचिता आठला आली.
बूट काढले. मोज्यांचे वळ घोट्यांवर तसेच.
"आत्या, फळी कोणी काढली?"
उत्तर न ऐकताच ती काठावर बसली,
पाय आत सोडले.
"थंड आहे इथं," म्हणाली,
आणि माझ्या उशीवर मागे रेलून
तशीच झोपली,
अर्धी जमिनीवर, अर्धी जमिनीत.

गल्लीत ट्रॅक्टर येऊन लागला.
भांडी हादरली.
धनू दारातून आत आला, थांबला,
पोरीकडे पाहिलं,
गुडघ्यांशी पाहिलं, जिथून ती दिसत नव्हती.
मग बाहेर गेला.

"बंद कर ना बाप्पा ते इंजिन," त्याचा आवाज आला,
"चहा पी आधी."